लाँग लिस्टचा निनावी कर्ता

आमच्या विद्याशाखेत एक हळहळ अलीकडे वारंवार कानी पडते. मराठी किंवा इंग्रजी वाङ्मय घेऊन एम. ए. झालेली, नेटाने वाचणारी, एखाददुसरा बरा निबंध लिहून दाखवलेली विद्यार्थिनी मुंबईतल्या अथवा गुरुग्राममधल्या एखाद्या एक्झिक्युटिव्ह सर्च पेढीत ‘रिसर्चर’ म्हणून रुजू होते, आणि तिचे गुरुजन मान हलवतात : संशोधनाच्या वाटेवरची मुलगी, माणसे पुरवणाऱ्या अडत्यांकडे गेली. या हळहळीत दोन गृहीतके दडलेली आहेत. ती तिथे करते ते संशोधन नव्हे, हे पहिले. आपण इथे करतो ते संशोधनच, हे दुसरे. दोन्ही तपासण्याजोगी आहेत. दुसरे अंमळ अधिकच.

हळहळीच्या जोडीला एक उलटा उत्साहही उपजला आहे. 2020 साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, त्यामागोमाग महाराष्ट्रातल्या एम. ए.च्या अभ्यासक्रमांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ची श्रेयांके आली, आणि वाङ्मयाचे सूक्ष्म वाचन हे बाजारात खपणारे कौशल्य आहे असे सांगणाऱ्या व्याख्यानांना सभागृहे मिळू लागली. कविता वाचणारा माणूस माणसेही चांगली वाचतो, असा या व्याख्यानांचा सूर. हळहळणारे आणि हरखणारे यांचे एकमेकांशी पटत नाही. परंतु ते काम प्रत्यक्षात असते काय, याची चौकशी दोघांनीही केलेली नाही. ती आम्ही करू म्हणतो.

संशोधक हा शब्द आपल्याकडे जड आहे. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि तेव्हापासून या शब्दाभोवती राजवाड्यांची सावली आहे : गावोगावचे वाडे, माळ्यावरची दप्तरे, ती दाखवायला कचरणारे मालक, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड. धातू ‘शुध्’, म्हणजे संशोधनात शोधण्याइतकेच शुद्ध करणेही आहे. ‘संशोधित आवृत्ती’ म्हणताना आपण तोच अर्थ जागवतो. याउलट एक्झिक्युटिव्ह सर्चमधला ‘सर्च’ म्हणजे नुसता शोध. तेव्हा हे पदनाम फुगवलेले आहे असे म्हणून विषय मिटवता आला असता. काम पाहिले की ते इतके सोपे राहत नाही.

धंदा मूळचा अमेरिकन. बॉयडेन ही पेढी 1946 ची. शिकागोच्या हायड्रिक अँड स्ट्रगल्स आणि स्पेन्सर स्टुअर्ट अनुक्रमे 1953 व 1956 च्या. कॉर्न फेरी आणि रसेल रेनॉल्ड्स दोन्ही 1969 च्या. युरोपातली एगॉन झेंडर झुरिकमध्ये 1964 साली निघाली. भारतात या मंडळींचा खरा शिरकाव 1991 च्या उदारीकरणानंतरचा. कंपनीला मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा वित्तप्रमुख हवा असतो. ती जाहिरात देत नाही, पेढी नेमते. आणि नेमलेल्या माणसाच्या पहिल्या वर्षाच्या वेतनाच्या साधारण एक तृतीयांश एवढी दक्षिणा पेढीला हप्त्यांनी पोचवते. (माणूस जितका महाग, तितकी दक्षिणा मोठी, माणूस स्वस्तात मिळवून देण्यात पेढीचा फायदा काय, हा प्रश्न गिऱ्हाईक कंपन्या विचारीत नाहीत याचे आम्हांस नवल वाटते.) गिऱ्हाइकाशी बोलतो तो सल्लागार, म्हणजे पेढीचा भागीदार. त्याच्या मागे, पडद्याआड, संशोधक.

संशोधकाला एक टिपण मिळते : पद काय, अपेक्षा काय. त्यावरून तो कोणत्या कंपन्यांत असा माणूस असू शकेल त्यांची यादी करतो. मग त्या प्रत्येक कंपनीचा आतला नकाशा काढतो, कोण कोणाच्या हाताखाली, कोणाकडे कोणता कारखाना, कोण नुकता डावलला गेला. शेपन्नास नावांची लाँग लिस्ट होते, तिची गाळणी होऊन पाचसहांची शॉर्ट लिस्ट, आणि त्या पाचसहांवर प्रत्येकी दोनतीन पानांचा वृत्तांत. लिंक्डइन 2003 साली सुरू झाले. त्यापूर्वी मुळात नाव मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट होती, आणि ती मिळवण्याचे एक साधन फार मजेचे होते. 1956 च्या कंपनी कायद्यात कलम 217(2अ) असे होते. त्यानुसार ठरावीक रकमेहून अधिक वेतन घेणाऱ्या नोकरांचा तपशील कंपनीला संचालकांच्या अहवालासोबत द्यावा लागे : नाव, वय, हुद्दा, शिक्षण, अनुभव, रुजू होण्याची तारीख, आधीची नोकरी, वेतन. वार्षिक अहवालाच्या शेवटी बारीक टाइपात छापलेली ही कोष्टके भागधारक वाचीत नसत. संशोधक वाचीत. एका वर्षीच्या कोष्टकात असलेले नाव पुढच्या वर्षी नाही, म्हणजे माणूस गेला. कुठे गेला ते दुसऱ्या कंपनीच्या कोष्टकात. दोन अहवाल शेजारी ठेवून केलेले हे वाचन पाठचिकित्सेपेक्षा जातीने वेगळे आहे असे कोणी आम्हांला पटवून द्यावे.

राजवाड्यांचा बखरींवर राग होता, हे सर्वश्रुत आहे. समकालीन कागद ते प्रमाण मानीत. घटना उलटून गेल्यावर, शेवट माहीत असताना, आश्रयदात्याच्या मर्जीने लिहिलेल्या बखरीकडे ते संशयानेच पाहत. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिली गेली, हे विसरून ती वाचता येत नाही. आता उमेदवाराचे स्ववृत्त घ्या. ते बखरीच्याच कुळातले आहे. लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, आणि त्या शेवटाकडे सारे आयुष्य चालत आले असे तो दाखवतो. हकालपट्टी झाली असेल तर तेथे ‘नव्या आव्हानांच्या शोधात’ असे येते. कारखाना चार वर्षांत नफ्यात आला हे खरे असते. तो कोणी आणला, हे कर्मणिप्रयोगाच्या आड जाते. चांगला संशोधक ही बखर कोष्टकाशी, कोष्टक तिसऱ्या कोणाच्या आठवणीशी ताडून पाहतो. दोन नोकऱ्यांमधल्या चौदा महिन्यांच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवतो. वाचन ते हेच. तेव्हा पहिले गृहीतक, ती करते ते संशोधन नव्हे हे, आमच्या मते टिकत नाही.

साहित्यशास्त्राच्या अध्यापकांसाठी याहून रंजक भाग दूरध्वनीचा आहे. संशोधक एखाद्या कंपनीच्या उपाध्यक्षाला फोन लावतो आणि अत्यंत अदबीने म्हणतो की आमच्याकडे एक असे असे पद आहे, आपल्या परिचयात कोणी योग्य व्यक्ती असल्यास सुचवाल का. वाच्यार्थ : मदत करा. व्यंग्यार्थ : तुम्ही याल का. उपाध्यक्षालाही दोन्ही अर्थ कळतात, आणि तोही वाच्यार्थाच्याच पातळीवर उत्तर देतो : जरा विचार करून सांगतो, टिपण घरच्या पत्त्यावर पाठवा. ‘घरच्या’ या एका शब्दात होकार बसलेला आहे. उद्या बोलणे फिसकटले तर कोणी कोणाला काही विचारलेच नव्हते, अशी दोघांचीही सोय. व्यंजना शिकवताना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सूर्य मावळल्याचे वाक्य घेतो आणि गुराख्याला, चोराला, अभिसारिकेला त्यातून काय काय सुचते ते सांगतो. विद्यार्थी जांभया देतात. त्यांनी गुराखी पाहिलेला नसतो, अभिसारिकेचा प्रश्नच नाही. हा फोन त्यांना समजेल.

या फोनची एक हलकी जातही होती, आणि ती लपवण्याचे कारण नाही. खोटी ओळख सांगून, अमुक परिषदेच्या कार्यालयातून बोलतो, तमुक सर्वेक्षण चालू आहे, असे सांगून कंपनीच्या आतली नावे काढून घेणे. तमाशातली बतावणी प्रेक्षकाला बतावणी म्हणून कळते. ही कळू नये म्हणूनच केलेली. प्रतिष्ठित पेढ्या आज ती निषिद्ध मानतात. पण लक्षात घेण्यासारखे हे की बतावणी करायला भागीदार कधी बसत नसे. ती संशोधकाकडे असे, बहुधा सर्वांत नव्या, सर्वांत तरुण.

आता या वाचनाच्या मर्यादा. पहिली मर्यादा धंद्यानेच घातलेली आहे : जी कंपनी आपली गिऱ्हाईक, तिची माणसे ठरावीक काळापर्यंत पळवायची नाहीत. यात सचोटी आहे, आम्ही नाकारीत नाही. परंतु परिणाम पाहा. पेढी जितकी मोठी, तितकी तिची गिऱ्हाइके जास्त, तितका तिच्या संशोधकाला वर्ज्य असलेला प्रदेश विस्तीर्ण. ‘या क्षेत्रातली सर्वोत्तम माणसे’ असे म्हणून जी यादी कंपनीच्या टेबलावर येते, तिच्यातून कोण का गळले हे यादीवर लिहिलेले नसते. निवडक कवितांच्या संग्रहात प्रकाशकाच्या भांडणामुळे एक कवी आला नाही, तर निदान संपादक प्रस्तावनेत कुठेतरी कुरकुरतो. लाँग लिस्टला प्रस्तावना नसते.

दुसरी मर्यादा गंभीर आहे आणि आमचा खरा झगडा तिच्याशी आहे. नाव वाचले जाते म्हणजे काय वाचले जाते? 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदलली फक्त नावे. बोलावणे येण्याच्या संभाव्यतेचे गुणोत्तर सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला 0.67 आणि मुस्लिम नावाला 0.33 पडले. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की जात कोणी विचारीत नाही, ‘फॅमिली बॅकग्राउंड’ मात्र विचारतात, आणि त्यात काहीच वावगे नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. पुढे 2012 साली अजित, डॉंकर आणि सक्सेना यांनी देशातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांची संचालक मंडळे तपासली : नव्वद टक्क्यांहून अधिक संचालक पुढारलेल्या जातींचे, त्यांतही ब्राह्मण आणि वैश्य मिळून जवळजवळ सगळे; अनुसूचित जाती-जमाती चार टक्क्यांच्याही आत.

यांतला पहिला प्रयोग खालच्या पायरीवरच्या, जाहिरात निघणाऱ्या नोकऱ्यांचा होता. वरच्या खुर्च्यांच्या बाबतीत तो करताच येत नाही, कारण तेथे अर्जच मागवले जात नाहीत. तेथे एकच कागद असतो, लाँग लिस्ट, आणि तो गोपनीय. एखाद्याला डावलले हे सिद्ध करायला आधी तो रांगेत होता हे दाखवावे लागते. या व्यवसायाने रांगच मोडून टाकली आहे आणि तिच्या जागी आमंत्रण ठेवले आहे. अमेरिकेतल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या निवडींवर राकेश खुराना यांचे ‘सर्चिंग फॉर अ कॉर्पोरेट सेव्हिअर’ हे पुस्तक 2002 साली आले. ज्याला खुला बाजार म्हणतात तो किती बंदिस्त आहे, हेच त्यांचे प्रतिपादन. आमच्याकडे बंदिस्तपणाला एक स्थानिक कुलूपही आहे.

मराठीत ते कुलूप आडनावाचे. पण गंमत अशी की मराठी आडनाव नेहमी बोलत नाही. जाधव, मोरे, शिंदे, पवार, गायकवाड ही आडनावे मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत, भटक्यांत आहेत. आडनाव गप्प बसले की पुढला प्रश्न येतो : मूळ गाव कोणते? मग : वडील काय करीत? हे प्रश्न मायेने विचारले जातात, चहा पुढे करीत विचारले जातात. आपल्या समाजात मध्यस्थाने स्थळाची माहिती काढताना जे विचारले जाते त्याहून ते वेगळे नाहीत, आणि ‘बायोडाटा’ हा शब्द आपल्याकडे लग्नाच्या आणि नोकरीच्या दोन्ही कागदांना लागतो हा निव्वळ योगायोग नसावा. संशोधक हे सारे कागदावर जातीच्या नावाने लिहीत नाही. तो लिहितो : ‘पॉलिश्ड’. किंवा : ‘थोडा खडबडीत’. ‘ग्रॅव्हिटास कमी’. ‘बोर्डरूमला शोभेल’. आणि सर्वांत वर तो चावीसारखा शब्द, ‘फिट’. माणूस सक्षम आहे, पण फिट नाही. कशाला फिट नाही? आधीपासून तेथे बसलेल्यांना.

या विशेषणांपुढे वाङ्मयाच्या विद्यार्थिनीने मान तुकवावी, हे आम्हांला सहन होत नाही. विशेषण पुराव्यावाचून येते तेव्हा ते वस्तूविषयी कमी आणि बोलणाऱ्याच्या बैठकीविषयी अधिक सांगते, हे तिला आपण शिकवले असले पाहिजे. पण शिकवले का? आपल्याच समीक्षेत ‘अस्सल मातीतला’, ‘कसदार’, ‘रांगडा पण सच्चा’ ही विशेषणे कोणत्या लेखकांच्या वाट्याला येतात आणि ‘संयत’, ‘चिंतनशील’, ‘अभिजात’ कोणाच्या, याचा हिशेब कोणी एकदा मांडावा. ग्रामीण आणि दलित लेखकाच्या अनुभवाची तारीफ आणि कारागिरीविषयी मौन, ही रीत आपण अनेक दशके चालवली. ‘ग्रॅव्हिटास कमी’ हा शेरा त्याच रीतीचे इंग्रजी भाषांतर आहे. सर्च पेढीने तो वाङ्मयविभागाकडून उचलला असे आम्ही म्हणत नाही. तो दोन्हीकडे एकाच घरातून आला.

‘योग्य माणसेच मिळत नाहीत’ या नित्याच्या उत्तराचे काय करायचे? त्याची एक परीक्षा झालेली आहे. संचालक मंडळावर यायला लायक स्त्रियाच नाहीत, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. 2013 च्या कंपनी कायद्याने निदान एक स्त्री संचालक सक्तीची केली, सेबीने नोंदणीकृत कंपन्यांना 1 एप्रिल 2015 ही मुदत घातली, आणि स्त्रिया सापडल्या. काही ठिकाणी तर त्या प्रवर्तकांच्या घरातच सापडल्या, पत्नी किंवा बहीण म्हणून. पण पुष्कळ ठिकाणी खरोखर अनुभवी, स्वतंत्र स्त्रिया आल्या, ज्या आदल्या वर्षीही तेवढ्याच लायक होत्या आणि कोणत्याही यादीत नव्हत्या. टिपण बदलले तशी यादी बदलली. संशोधक तोच होता.

येथे कोणी म्हणेल की मग दोष टिपण देणाऱ्याचा, संशोधक बिचारा हुकमाचा ताबेदार. बऱ्याच अंशी खरे आहे, आणि म्हणूनच त्याच्या निनावीपणाचा मुद्दा महत्त्वाचा. 1993 साली आयबीएम बुडत होती तेव्हा तिला लू गर्स्टनर शोधून देण्याचे काम दोन पेढ्यांकडे होते. स्पेन्सर स्टुअर्टचे टॉम नेफ आणि हायड्रिकचे गेरी रोश ही दोन नावे त्या प्रकरणाच्या प्रत्येक वृत्तांतात आहेत. त्यांच्या याद्या ज्यांनी बांधल्या त्यांची नावे वृत्तांतांत नाहीत. यो नेस्बोची ‘हेडहंटर्स’ ही कादंबरी 2008 ची, तिच्यावर 2011 साली चित्रपटही आला. तिचा नायकही अर्थात मुलाखत घेणारा, देखणा सूट घालणारा सल्लागार. संशोधकावर कादंबरी लिहायला कोण बसतो? ज्याची सही नाही त्याला श्रेय नाही, हे उघड आहे. पण ज्याची सही नाही त्याच्यावर जबाबदारीही येत नाही, आणि हे दुसरे पेढीच्या अधिक सोयीचे आहे. ‘फिट नाही’ हा शेरा कोणाचा? संशोधक म्हणतो, भागीदाराचे मत मी टिपले. भागीदार म्हणतो, रिसर्चने तसे कळवले. गिऱ्हाईक म्हणते, पेढीने नाव दिलेच नाही. तीन वाचक आणि कर्ता कोणीच नाही. लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून आम्ही वर्गात टाळ्या मिळवल्या. तो मृत्यू कोणाच्या पथ्यावर पडतो, हे पाहायचे राहून गेले.

शेऱ्यावर ज्याच्याविषयी तो आहे त्याचा काही हक्क असतो का? 2017 साली युरोपीय न्यायालयाने एका आयरिश परीक्षार्थीच्या खटल्यात निर्णय दिला की उत्तरपत्रिकेवरचे परीक्षकाचे शेरे हीदेखील परीक्षार्थीची व्यक्तिगत माहिती होय. (परीक्षकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) मे 2018 पासून युरोपात नवा माहितीसंरक्षण कायदा लागू आहे, आणि तेथला माणूस पेढीला विचारू शकतो की माझ्याविषयी तुम्ही काय लिहून ठेवले आहे. काही अपवाद आहेत, पण पेढीला त्याची दखल घ्यावी लागते. आपला कायदा 2023 चा. माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्याने कक्षेबाहेर ठेवली आहे, आणि वरच्या पदांवरचा कोण आपली माहिती लिंक्डइनवर जाहीर करीत नाही? ज्या टिपणाचा विषय कधी ना कधी त्याचा वाचकही होऊ शकतो, ते टिपण निराळे लिहिले जाते. भाषा सावध होते, विशेषण ढिले पडते, पुरावा पुढे येतो. सावधपणात लबाडीही शिरते हे मान्य; तरी ‘घरंदाज वाटतो’ असे लिहिण्यापूर्वी हात थबकला तर आम्हांला पुरे आहे.

यंत्राविषयी थोडक्यात. ॲमेझॉनने 2014 च्या सुमारास स्ववृत्ते वाचणारी प्रणाली बांधायला घेतली आणि ती स्त्रियांच्या अर्जांना खाली ढकलते असे दिसल्यावर सोडून दिली, हे 2018 साली रॉयटर्सने उघड केले. प्रणाली शिकली होती ती मागच्या दहा वर्षांच्या अर्जांवरून. यंत्र येणार आणि संशोधक जाणार, अशी भीती घातली जाते. आम्हांला भीती वेगळी वाटते : पेढ्यांच्या जुन्या टिपणांतली सगळी ‘ग्रॅव्हिटास’ त्या यंत्राला दूध म्हणून पाजली जाईल, आणि मग शेरा कोणाचा हे विचारायला तीन माणसेही उरणार नाहीत.

आता दुसरे गृहीतक. आपण इथे करतो ते संशोधनच. शोधगंगेवर प्रबंधांच्या शीर्षकांवरून नुसती नजर फिरवावी : अमुक यांच्या कथांचा चिकित्सक अभ्यास, तमुक यांचे वाङ्मय : एक अभ्यास. आत लेखकाचा परिचय, कथानकांचे गोषवारे, इतरांची मते, निष्कर्षांत पुन्हा तीच मते. अपवाद आहेत आणि ते फार चांगले आहेत. पण दोन कागद शेजारी ठेवून, एक कुठे खोटे बोलतो हे पाहण्याचे जे काम त्या मुलीला पेढीत दर आठवड्याला करावे लागते, ते यांतल्या किती प्रबंधांत एकदा तरी घडले आहे? आणि निवडीविषयी बोलायचे तर सर्च पेढीला दलाल म्हणताना आपण जरा जपून असावे. निदान तिथे दरवेळी नाव खरोखर शोधावे लागते. महाविद्यालयाच्या जाहिरातीआधी नाव ठरलेले असते, ही कुजबुज महाराष्ट्रातल्या कोणत्या स्टाफरूमला अपरिचित आहे? तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे, नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले आमचे विद्यार्थी दर जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज करतात. त्यांतली एक जण कंटाळून बांद्रा-कुर्ला संकुलात जाऊन बसली तर तिला वाट चुकली असे म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाला पोचतो?

तिने तेथे जाऊन काय करावे, हे सांगण्याचाही आम्हांला अधिकार नाही. पगार तिला पेढी देते. परंतु तिला तेथे पाठवण्यापूर्वी आपण काय शिकवावे, हे तर आपल्या हातात आहे. ‘उपयोजित मराठी’च्या पत्रिकेत स्ववृत्तलेखन आहे, अर्जलेखन आहे, मुलाखतीची तयारी आहे. सारे काही लिहिणाऱ्याच्या बाजूने, आणि लिहिणारा नेहमी मागणारा. टेबलाच्या पलीकडे बसलेला ते कसे वाचतो, त्यावर काय लिहितो, हे पत्रिकेत कोठेही नाही. म्हणून अभ्यासमंडळांपुढे आमची सूचना अशी : एक काल्पनिक स्ववृत्त द्यावे आणि त्याच उमेदवारावर लिहिलेला दोन पानी वृत्तांत द्यावा. विद्यार्थ्याने वृत्तांतातले प्रत्येक विशेषण अधोरेखित करून त्याला स्ववृत्तात काय आधार आहे ते समासात लिहावे, आणि जेथे आधार नाही तेथे ‘आधार नाही’ एवढेच लिहावे. आठ गुण. मग तेच स्ववृत्त, आडनाव आणि मूळ गाव बदलून, दुसऱ्या तुकडीला वृत्तांत लिहिण्यासाठी द्यावे, आणि दोन्ही तुकड्यांचे कागद एकाच तासाला वर्गात मोठ्याने वाचावेत. परीक्षकाने आपले शेरे सहीनिशी द्यावेत.